पाटापलीकडचं तेरं

आषाढातल्या एका दुपारी मी स्वतःच्या हातांनी अळूवड्या केल्या आणि घरातल्या चार माणसांचे घसे खाजवले. आंजर्ल्याला आमच्या घरामागे विहीर आहे. विहिरीवरचं सांडपाणी ज्या पाटाने आगरात जातं, त्याच्या अलीकडे अळवाचा वाफा आणि पलीकडे आपोआप माजलेलं हिरवं रान. आत्या देवळात गेली होती. मी कोयती घेऊन गेलो. पलीकडची पानं जास्त मोठी आणि देखणी दिसली, म्हणून तीच दहा-बारा कापून आणली. बेसन, चिंच-गूळ, तीळ, सगळं रीतसर केलं. वडी तोंडात घातली आणि दोन मिनिटांत घशात कुसळं भरल्यासारखं झालं.

आत्या आली. ताटात उरलेल्या पानाचा देठ तिने नुसता उचलून पाहिला. ‘‘हे तेरं आहे रे. पाटापलीकडे कशाला गेलास?’’ सगळ्यांना आमसुलाचं पाणी पाजून झाल्यावर तिने मला वाफ्यात नेलं. वडीच्या अळवाचा देठ काळा-जांभळा असतो आणि पान जाडसर. भाजीच्या अळवाचा देठ पोपटी आणि पान जरा मऊ. मी हे वहीत लिहून घेतलं. मग ती म्हणाली, ‘‘देठ बघच, पण त्याच्याआधी ते कुणी लावलंय ते बघ. आपण लावलेलं नाही ते विचारल्याशिवाय तोडायचं नाही.’’

झाडं ओळखण्याविषयी मी बरंच वाचलेलं आहे. पानांची मांडणी, फुलांच्या पाकळ्या, फळाचा प्रकार, सालीचा रंग. लावणाऱ्याचा हात हा निकष मला एकाही पुस्तकात भेटला नव्हता. अळू, तेरं, सुरण, शेवळं ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि त्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेत, घशात टोचतात म्हणून खाजतं. पिढ्यानपिढ्या निवडून लावलेल्या अळवात हा त्रास कमी, रानातल्यात जास्त. म्हणून अळवाच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल पडतंच, सुरण चिंचेच्या पाण्यात उकडतात आणि शेवळांबरोबर काकडाची आंबट फळं घालतात. तेरंसुद्धा इथे खातात, पण कोवळं आणि भरपूर आंबट घालून. म्हणजे चूक मी तेरं आणलं ही नव्हती. तेऱ्याला अळवासारखं वागवलं, ही होती.

परसातलं खाण्या-वापरण्याजोगं झाड आज कुणाला ओळखायला शिकायचं असेल, तर त्याच्यापुढे वाटा किती आणि त्यातली कुठली कुठवर नेते, याचा हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो. इथल्या झाडांची निम्मी ओळख स्वयंपाकघरात होते, आणि नेमकी ती निम्मी पुस्तकंही सोडून देतात आणि मोबाइलही.

जोग नदीच्या मुखाशी वसलेलं हे आंजर्ले. वर कड्यावरचा गणपती, खाली खाडी, पलीकडे पाजपंढरी आणि हर्णै, पाण्यात सुवर्णदुर्ग. रस्त्याला घरं आणि घरामागे दर्याच्या बाजूला आगरं. आगरात शिरलं की मजले मोजता येतात. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल किंवा पानवेल, तिच्या सावलीत जायफळ आणि दालचिनी, मग केळी, आणि जमिनीलगत हळद, आलं, अळू, अननस. वाया जाणारं काही नाही. माडाच्या झापांनी मांडव आणि कूड शाकारतात, हिरांची केरसुणी होते, सोडणं चुलीत जातात, करवंटीचा डाव होतो. पोफळीची गळून पडलेली विरी पूर्वी पोरांना बसवून ओढायला यायची; हल्ली तिची ताटं दाबून काढतात आणि पुण्यात लग्नाला विकतात. परसात एक कोपरा अडुळसा, गवती चहा, तुळस, कोरफड यांचा. कुंपणाला शेर किंवा मोगली एरंड.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि हे मजले एका दुपारी खाली आले. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात माड मधूनच मोडले, पोफळी तर ओळीच्या ओळी झोपल्या. जी जायफळं उभी राहिली, त्यांची सावली गेली आणि पानं करपली. तेव्हा टाळेबंदी होती. मुंबई-पुण्याची पोरंबाळं गावीच अडकलेली. झाडं तोडून बाजूला करताना आणि पुढे नवी लावताना एक गोष्ट उघडी पडली: चाळिशीच्या आतल्या आम्हा बहुतेकांना उभं आगर ओळखू येत होतं, पण वीतभर रोप ओळखता येत नव्हतं. मोठी पोफळ कुणीही दाखवील. तिचं आणि माडाचं रोप शेजारी ठेवलं तर? जायफळ आणि दालचिनीचं कोवळं पान हातात दिलं तर? तिथे आत्या पान चुरगाळून नाकाशी धरायची आणि प्रश्न सुटायचा.

वास ही इथली पहिली कसोटी. हळद, आंबेहळद, कर्दळ यांची पानं लांबून भावंडं वाटतात. हळदीचं पान चुरगाळलं की पातोळ्यांचा वास येतो, आंबेहळदीचा कंद मोडला की कैरीचा, कर्दळीच्या पानाला काहीच नाही. सर्वसुगंधीचं पान हातात चोळलं की लवंग, दालचिनी आणि जायफळ एकदम आल्यासारखी वाटतात; नाव तिथूनच पडलं. हे नाकाचं ज्ञान कागदावर उतरत नाही, म्हणून ते शाळेतही उतरलं नाही.

मग नावांचा घोळ. अळू म्हटलं की भाजीचं अळू. पण अळू नावाचं एक काटेरी रानझाडही आहे, त्याची फळं पिकल्यावर खातात, आणि त्याचा या अळवाशी काडीचा संबंध नाही. ज्या जाड, लवदार पानांची भजी करतात त्याला आपण ओवा म्हणतो. फोडणीतला ओवा हे कोथिंबिरीच्या कुळातलं वेगळंच झाड. गवती चहात चहा नाही. तमालपत्र म्हणून आगरातून जी पानं घरात येतात ती बहुधा दालचिनीची असतात; खरं तमालपत्र हिमालयाकडच्या तिच्या बहिणीचं. टाकळा विदर्भात गेला की तरोटा होतो, गोव्यात तायकिळो. रत्नागिरीत जो विलायती फणस तोच दक्षिणेकडे नीरफणस. हा फणस तर खरोखरच दर्यापारचा, पॅसिफिक बेटांचा. 1789 साली बाउंटी नावाच्या इंग्रजी जहाजावर खलाशांचं बंड झालं, तेव्हा त्या जहाजात ताहितीहून वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या पोटासाठी याचीच रोपं चालली होती. इथे त्याचे रवा लावून काप होतात. बी नसल्यामुळे तो मुळावरच्या फुटव्यांतून वाढवतात, त्यामुळे एका घरचा फणस दुसऱ्या घरी जातो तो कुणीतरी खणून दिल्यामुळेच.

काजू, अननस, पपई, पेरू, बटाटा, मिरची. पोर्तुगीज जहाजांबरोबर अमेरिकेतून आलेली ही मंडळी आज आजीइतकी घरची वाटतात. उपासाच्या ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा हा सगळा मूळचा तिकडचा. ‘आपलं’ आणि ‘परकं’ या वादात मी फार पडत नाही. चारशे वर्षांत ज्याला आपण शिजवायला शिकलो ते आपलंच.

गाव शिकवायचं ते सणांतून. गणपतीच्या एकवीस पत्री ही मला नेहमीच वनस्पतींची शाळा वाटत आली आहे. दूर्वा, आघाडा, माका, बेल, तुळस, शमी, डोरली, रुई, हदगा, विष्णुक्रांता, मरवा, केवडा... चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोरांना कुंपणाकुंपणाने पिटाळलं जायचं, आणि चुकीचं पान आणलं तर परत पाठवलं जायचं. यादीत कण्हेर आणि धोतराही आहेत. दोन्ही विषारी. देवाला वाहायचं, तोंडात घालायचं नाही, हे त्या वयातच समजायचं. आता बाजारात पत्रीची पुडी मिळते. दापोलीत मी एकदा अशी पुडी सोडून मोजली. सात प्रकारची पानं निघाली आणि त्यातली दोन तर एकाच झाडाची, एक कोवळं, एक जून.

पाठोपाठ ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणजे नांगरटीतलं काही नाही; परसातलं आणि रानातलंच चालतं. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, माठ, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळं, अंबाडी, भोपळा असं परसात असेल ते सगळं एकत्र पडतं. मसाला जवळजवळ नाहीच. मला तर ही भाजी म्हणजे परसाची वर्षातून एकदा होणारी हजेरी वाटते. ज्या घरी ऋषीच्या भाजीला बाजारात जावं लागतं, त्या घरचं परस संपलं म्हणायचं. आमच्याकडे गेल्या वर्षी पाच भाज्या घरच्या होत्या, आत्याच्या लहानपणी अकरा.

आगराचं ज्ञान एकांचं आणि सड्याचं दुसऱ्यांचं, हा भेद मात्र आढाव्यात गाळून चालणार नाही. आत्याला आगरातलं पानन् पान माहीत. पण जांभ्याच्या सड्यावर आणि डोंगरउतारावर पहिल्या पावसाने काय वर येतं, ते कुणबी आणि कातकरी बायांना ठाऊक. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगीचा कोवळा पाला, शेवळं हे त्या पाटीत घालून आणतात आणि वाटे लावून विकतात. त्यांच्या कसोट्या वयाच्या असतात. टाकळा तीन-चार पानांचा असतानाच खुडायचा, जून झाला की कडवट लागतो. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, तीही एक खूण. फोडशी फुलायच्या आत आणायची, आणि चिरताना मधला कडक दांडा काढून टाकायचा. एका बाईने मला सांगितलं होतं, ‘‘फूल आलं की ती देवाची, आपली नाय.’’

करांद्याचं तर याहून अवघड. दिवाळीच्या सुमारास वेलीवरच बटाट्यासारखे लोंबणारे करांदे लागतात. घरी लावलेल्या वेलीचे उकडून, मीठ लावून खातात, किंचित कडू लागतात पण खाता येतात. रानातले फार कडू, ते राखेच्या पाण्यात उकडून पाणी टाकावं लागतं. दोन्ही वेलींची पानं बदामी आकाराची, शिरा सारख्याच. चित्रं पाहून कुणी वेगळे करून दाखवावेत.

आता पुस्तकं. इथल्या किनाऱ्यावरची झाडं कागदावर उतरवायला बाहेरच्यांनी सुरुवात केली हे खरं, पण सांगणारे इथलेच होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात 1563 साली आपले ‘संवाद’ छापले. मुंबई बेटाचा तो भाडेपट्टेदार होता. आपलं कोकम त्याच्या पुस्तकात ‘ब्रिंदाँव’ म्हणून येतं, आंबटपणासाठी साल वाळवतात हेही. त्यानंतर शंभर वर्षांनी डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने कोचीनला ‘होर्टुस मालाबारिकुस’ करायला घेतलं. 1678 ते 1693 मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन याच्यासह रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य माहिती सांगायला होते, आणि त्यांची नागरीतली साक्ष पहिल्या खंडात छापली आहे. झाडांची नावं मल्याळी, अरबी आणि नागरी लिपींत चित्रावरच कोरली आहेत. सतराव्या शतकातल्या युरोपात छापलेली नागरी अक्षरं मी पहिल्यांदा त्या पानांवर पाहिली. मुंबई इलाख्याची झाडं थिओडोर कुकने 1901 ते 1908 मध्ये मांडली. हा गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य होता, आणि त्याने देशी नावंही दिली आहेत. मराठीत शरदिनी डहाणूकर आणि श्री. द. महाजन यांनी शहरातल्या माणसाला मान वर करून झाडं बघायची सवय लावली. कुकचा ग्रंथ मला पोफळीची जात सांगतो. तिच्या बागेत मिरवेल कुठल्या बाजूने चढवायची, ते सांगत नाही. ते त्याचं कामही नव्हे.

विषाचा विचार मात्र जरा सविस्तर करावा लागेल, कारण ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असं आता शिकलेली माणसं म्हणू लागली आहेत. कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, त्यामुळेच घातक. शाळकरी पोरांनी त्या खाऊन उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतातच. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी पोरी सागरगोट्यांसारख्या खेळतात. त्या बिट्टीतलं बी हृदयावर परिणाम करतं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सगळीच विषारी आहे, कंद तर फारच. गुंजेचं फुटलेलं बी पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो.

ही झाली उघड विषं. गोंधळ करतो तो घरचा दुधी. दुधी, पडवळ, शिराळं, काकडी यांच्या कुळात क्युकर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. लावलेल्या जातींत ती जवळजवळ नसतात, पण एखाद्या वेलीत ती अचानक वाढतात. आरोग्यासाठी सकाळी दुधीचा रस पिणाऱ्यांत कडू रस तसाच गिळल्याने माणसं दगावली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने 2012 च्या सुमारास या प्रश्नाचा अभ्यास केला आणि कडू लागला तर रस अजिबात पिऊ नका असं सांगितलं. आत्या दुधी चिरायच्या आधी शेंड्याकडची चकती काढून जिभेला लावते. लहानपणी मला हा जुना हट्ट वाटायचा. शिजल्यावरही तो कडूपणा जात नाही, हे ती रागावून सांगायची. समितीचं म्हणणं वाचलं तेव्हा मला ती चकती आठवली.

मोबाइलच्या ॲपने ओळखणं हा नवा मार्ग. मी दोन वर्षं एक ॲप वापरून पाहिलं. फुललेलं झाड असेल तर बरंच खरं सांगतं. तेऱ्याच्या पानाचा फोटो दाखवला तर त्याने खाण्याचं अळू सांगितलं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते चुकलंही नाही, कारण जात जवळजवळ तीच. माझ्या घशाला ते कळलं नाही इतकंच. कडू आणि गोड दुधीत तर त्याला फरक दिसणंच अशक्य. दरवर्षी ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाज्या महोत्सव भरतात. चांगली गोष्ट, विकणाऱ्या बायांना चार पैसे मिळतात, आणि शिजवलेली भाजी चाखता येते. पण टेबलावर मांडलेल्या जुडीला चिठ्ठी लावून ठेवली की ती भाजी कुठल्या जागी, कशाच्या आडोशाला, कुठल्या पावसानंतर उगवते ते चिठ्ठीवर येत नाही. त्या बायांच्या मागे एक सकाळ सड्यावर हिंडायची सोय कुणी केली, तर मी पहिला नाव नोंदवीन.

विद्यापीठाने काय केलं, हे विचारणं भाग आहे, कारण ते दारातच आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 चं. पुढे त्याला बाळासाहेब सावंतांचं नाव मिळालं. त्याचं भाट्याचं नारळ संशोधन केंद्र तर त्याहून जुनं, 1955 चं. ओळखीच्या बाबतीत त्यांचं सगळ्यात मोठं काम मला वाटतं ते नर-मादीच्या प्रश्नावरचं. कोकम आणि जायफळ ही दोन्ही झाडं नर वेगळं, मादी वेगळी अशी. बी लावून वाढवलेली निम्मी तरी नर निघतात, आणि ते कळतं सहा-सात वर्षांनी, फूल आल्यावर. तोवर खत, पाणी, राखण सगळं सारखंच. नराची फुलं बारीक, झुबक्यात; मादीचं फूल एकटं-दुकटं आणि बुडाशी फुगीर. ते फूल येईपर्यंत शास्त्रज्ञालाही पान बघून काही सांगता येत नाही. म्हणून फळणाऱ्या मादीची काडी घेऊन कलम बांधायचं, हा उपाय. कोकमाची कोकण अमृता, जायफळाची कोकण सुगंधा अशा जाती इथेच निवडल्या गेल्या. कोकमाचे रातांबे पावसात सापडले की सडतात, म्हणून लवकर पिकणारं झाड शोधणं हेही त्याच कामाचा भाग होतं. सोलं, आगळ, मुठेल या तीन गोष्टींवर ज्यांचा मे महिना चालतो, त्यांना पावसाच्या आधीचे आठ दिवस म्हणजे काय ते माहीत.

निसर्ग वादळानंतरच्या पावसात मी पाच जायफळं लावली. एका रोपवाटिकेतून कलमं म्हणून आणली होती, कलमाचा दर देऊन. आत्याने एकेक रोप पिशवीसकट उचललं, मातीपासून वर बोट फिरवत नेलं, आणि दोन रोपांपाशी थांबली. ‘‘जोड कुठाय ह्यांना?’’ कलमाला बुडाशी, वीतभर उंचीवर, सालीत एक तिरकी गाठ असते. तिथे दोन झाडं एक झालेली असतात. तिघांना होती. या दोघांचं खोड खालपासून वरपर्यंत सरळ, गुळगुळीत, म्हणजे बियांवरची रोपं. मी परत नेऊन भांडायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, ‘‘राहू देत. दहा माद्यांना एक नर लागतोच. शेजारच्यांनाही होईल.’’

मग तिने ती दोन वाऱ्याच्या बाजूला, कुंपणालगत लावायला सांगितली. तीन कलमांना फुलं आली. त्या दोघांना अजून नाहीत. पावसापूर्वी रोज सकाळी ती पाटावरून तिकडे जाते, फांद्या खाली ओढून बघते आणि परत येताना वाफ्यातलं अळू घेऊन येते.